पार्सलमागे हातात काय उरतं? सातारा-सांगलीच्या दुकानदारांचे प्रश्न

ऑनलाइन विक्रीच्या जोरावर लहान दुकानदार मोठ्या कंपन्यांपुढे टिकू शकतो का, या विषयावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. व्यापार, कर आणि पॅकिंग या तिन्ही बाजू जाणणाऱ्यांनी मिळून त्यांची उत्तरं दिली आहेत. हिशेबातले कमिशनचे आणि कुरिअरचे दर उदाहरणासाठी धरले आहेत. प्रत्येक प्लॅटफॉर्मचं (म्हणजे ॲमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या ऑनलाइन बाजाराचं) दरपत्रक वेगळं असतं आणि ते वरचेवर बदलतं, म्हणून पद्धत इथली घ्या आणि आकडे तुमचे घाला.

प्रश्न: आमची सांगलीत हळद दळायची छोटी गिरणी आहे. २०० ग्रॅमचं पाकीट ९० रुपयांना ऑनलाइन टाकलं. ऑर्डरी आल्या, पण महिनाअखेरीस हातात काहीच उरलं नाही. मोठे ब्रँड याच भावात, कधी याहून स्वस्त विकतात. त्यांना कसं परवडतं? आम्ही हा नाद सोडावा का?
— गिरणीचालक, सांगली

उत्तर: नाद सोडू नका, २०० ग्रॅमचं पाकीट सोडा. आधी त्या ९० रुपयांचं काय होतं ते पाहू. कमिशन ८ टक्के धरलं तर ७ रुपये २० पैसे. प्रत्येक ऑर्डरमागची ठरावीक फी १० रुपये. कुरिअर ५० रुपये. हे झाले ६७.२०, त्यावर १८ टक्के जीएसटी १२.१०. म्हणजे प्लॅटफॉर्मकडे गेले ७९ रुपये ३० पैसे. हळदीवरचा ५ टक्के जीएसटी ९० रुपयांतच धरलेला आहे, तो ४.२९. उरले साडेसहा रुपयांच्या आत. त्यात हळद, दळणावळ, पाकीट आणि खोका बसवायचा. माल आणि पॅकिंग मिळून ४२ रुपये पडत असतील, तर प्रत्येक ऑर्डरमागे तुम्ही पदरचे पस्तीसेक रुपये घालताय. ऑर्डरी जितक्या वाढतील तितका खड्डा मोठा.

आता तीच हळद अर्ध्या किलोची दोन पाकिटं एकत्र करून ४२० रुपयांना लावा. कमिशन ३३.६०, ठरावीक फी १५, कुरिअर ८०, एकूण १२८.६०. त्यावर जीएसटी २३.१५. हळदीवरचा जीएसटी २०. हातात आले २४८ रुपये २५ पैसे. हळद दळून किलोला १६० आणि पॅकिंग २५ धरलं, तर ६३ रुपये शिल्लक. शिवाय तुम्ही नियमित जीएसटी भरणारे असाल, तर सेवांवर गेलेले ते २३.१५ वजावटीत मिळतात. हळदीवरचे २० रुपये भरायचे ते त्यातूनच फिटतात.

मोठ्या कंपनीला ९० रुपयांचं पाकीट परवडतं, कारण तिचं पाकीट एकटं प्रवास करत नाही. ट्रकभर माल शहराजवळच्या गोदामात जातो आणि तिथून साखर, तेल, साबणाच्या पिशवीत बसून गिऱ्हाइकाच्या दारी पोचतो. तुमचं पाकीट सांगलीहून एकटं निघतं. हा फरक कष्टानं भरून निघणारा नाही. म्हणून सर्वसाधारण हळदीच्या भावात त्यांच्याशी झुंजू नका.

तुमची ताकद दुसरीकडे आहे. मोठे ब्रँड रंग आणि चव वर्षभर सारखी ठेवण्यासाठी वेगवेगळ्या बाजारांतली हळद मिसळतात. तुम्ही एका जातीची, एका हंगामाची हळद नाव घेऊन देऊ शकता: राजापुरी की सेलम, कुठल्या गावची, कधी दळली. पुण्या-मुंबईतलं गिऱ्हाईक याला जास्त पैसे देतं, पण पुरावा बघून देतं. प्रत्येक लॉटचा कुर्क्युमिनचा (हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचा) तपासणी अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून काढा आणि त्याचा फोटो लिस्टिंगमध्ये, म्हणजे मालाच्या ऑनलाइन पानावर, लावा. हळद पावडरीत कुर्क्युमिन किमान २ टक्के हवं, असं मानक आहे. तुमचं त्याहून जास्त भरत असेल तर आकडाच बोलेल. अख्खी हळकुंडंही ठेवा. घरी किंवा ओळखीच्या गिरणीत दळून घेणारी गिऱ्हाइकं अजून आहेत आणि हळकुंडात भेसळीची शंकाही कमी येते.

‘सांगली हळद’ला २०१८ साली भौगोलिक मानांकन (मूळ प्रदेशाशी जोडलेल्या मालाच्या नावाला कायद्याचं संरक्षण) मिळालं आहे. ते नाव आणि मानांकनाचं चिन्ह पाकिटावर हक्कानं छापायचं तर चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. शेतकऱ्याबरोबर प्रक्रिया आणि पॅकिंग करणाऱ्यालाही हा अर्ज करता येतो. गिरणीवाल्यांपैकी फार थोडे तो करतात, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. जी गोष्ट मोठ्या कंपनीला पैसे टाकूनही सहज मिळत नाही, ती इथल्या माणसाच्या दारात पडून आहे.

वजनाचा हिशेब वेगळा. कुरिअरचा दर बहुधा ५०० ग्रॅमच्या टप्प्यानं चढतो आणि वजन खोक्यासकट धरतात. अर्धा किलो हळद खोक्यासह ५६० ग्रॅम भरते आणि एक किलोच्या टप्प्यात जाते. सुटं पाकीट विकायचंच असेल तर ४२० ते ४५० ग्रॅमचं करा. खोकाही बेताचा घ्या, कारण लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० नं भागलं की जे येतं, ते प्रत्यक्ष वजनाहून जास्त असेल तर तेच आकारतात. ३० × २० × १५ चा खोका कागदोपत्री १.८ किलोचा होतो, आत काहीही असो.

पॅकिंगचं आता बारकाईनं. दळल्यावर पावडर गरम असते. तशीच भरली तर पाकिटात वाफ धरते आणि आठवड्यात गाठी होतात. मोठ्या पातेल्यात किंवा ताडपत्रीवर पसरून पूर्ण गार होऊ द्या. गिरणी फार वेगानं चालवली तर वास आधीच उडतो, तेव्हा वेग कमी ठेवा. भरताना पाकिटाच्या तोंडाशी पावडर लागली की सील धरत नाही. वरून चिकटल्यासारखं दिसतं आणि कुरिअरच्या गाडीत पाच-सात पार्सलांखाली दाबलं की उसवतं. मग सगळा खोका पिवळा आणि माल परत. नरसाळ्यानं भरा, तोंड कोरड्या फडक्यानं पुसा, सील किमान ८ ते १० मिलिमीटर रुंद मारा आणि पहिली काही पाकिटं हातानं दाबून बघा. पारदर्शक पाकीट टाळा, उजेडानं हळदीचा रंग उतरतो.

लिस्टिंगमध्ये ‘कॅन्सरवर गुणकारी’, ‘मधुमेह बरा होतो’ असलं काही लिहू नका. अन्नपदार्थावर रोग बरा करण्याचा दावा करणं गुन्हा आहे आणि लिस्टिंगही उडतं. ‘ऑरगॅनिक’ हा शब्दही प्रमाणपत्र असल्याशिवाय नको.

प्रश्न: बेदाण्याचं ऑनलाइन पॅकिंग सुरू केलंय. पावसाळ्यात ‘चिकट आहे’, ‘फोटोतला हिरवा, आलेला तपकिरी’ म्हणून माल परत येतो. एक पार्सल परत आलं की किती जातं, याचाही अंदाज द्या.
— बेदाणा व्यापारी, तासगाव

उत्तर: चिकटपणाचं मूळ बहुतेक वेळा कोल्ड स्टोरेजमधून माल काढण्याच्या पद्धतीत असतं. गार बॉक्स पावसाळी हवेत लगेच उघडला की बेदाण्यावर दव धरतं. तो ओलावा साखर वर आणतो आणि मणी एकमेकांना चिकटतात. बॉक्स बंदच ठेवून आतला माल बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, त्यासाठी एक रात्र सहज लागते. मगच उघडा, निवडा, भरा. ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या आसपास हवा. त्याहून बराच जास्त असेल तर आंबूस वास येतो, फार कमी असेल तर मणी कडक होतो. भरण्याची खोली बंद आणि कोरडी असू द्या. साध्या प्लास्टिक पिशवीऐवजी हवा आत न जाणारं जाड, थरांचं पाकीट वापरा.

रंगाचं म्हणाल तर हिरवा बेदाणा गारव्यातून बाहेर आला की हळूहळू तपकिरीकडे झुकतो, तो त्याचा गुणधर्म आहे. प्लॅटफॉर्मच्या गोदामात सहा महिन्यांचा माल एकदम पाठवला तर तो तिथं गारव्याशिवाय पडून राहणार. तीन-चार आठवड्यांत खपेल इतकाच पाठवा, बाकी स्टोरेजमध्ये ठेवा. फोटो सावलीतल्या दिवसाउजेडी काढा आणि रंग चढवू नका. हातावर मूठभर बेदाणा आणि शेजारी मोजपट्टी असा एक फोटो लावला, की मण्याच्या आकारावरून येणाऱ्या तक्रारी बऱ्याच कमी होतात.

लेबलवर एक गोष्ट हमखास राहते. पिवळ्या-हिरव्या बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते. सल्फाइटचं प्रमाण किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल, तर ॲलर्जीच्या सूचनेत ‘सल्फाइट आहे’ असं छापणं बंधनकारक आहे. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, म्हणून हा नियम. खाण्याचा माल गिऱ्हाइकाच्या हाती पोचेल तेव्हा त्याची किमान ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑनलाइन कंपन्यांना बजावलं आहे. मुदत संपत आलेला माल ऑनलाइन काढून टाकू, हा विचार सोडा.

परत आलेल्या पार्सलचा हिशेब असा. जायचं कुरिअर ८०, यायचं ८०, त्यावर १८ टक्के. म्हणजे १८९ रुपये. पॅकिंग वाया गेलं २५. झाले २१४. एका पार्सलमागे ६३ रुपये सुटत असतील, तर एक परतावा जवळजवळ साडेतीन पार्सलांचा नफा खातो. काही प्लॅटफॉर्म दारातूनच परत फिरलेल्या पार्सलचं भाडं लावत नाहीत, ते करारात वाचून घ्या. माल परत येण्याचं प्रमाण कॅश ऑन डिलिव्हरीत सगळ्यात जास्त. स्वतःच्या वेबसाइटवर विकत असाल तर आगाऊ पैसे देणाऱ्याला २०-३० रुपयांची सूट द्या, ती परत येणाऱ्या पार्सलपेक्षा स्वस्तच पडते.

प्रश्न: साताऱ्यात कंदी पेढ्यांचं दुकान आहे. वर्षाची उलाढाल १५ लाख, जीएसटी नंबर नाही. ऑनलाइन विकायचं तर नंबर काढावाच लागतो का?
— मिठाई विक्रेते, सातारा

उत्तर: महाराष्ट्रातच विकायचं असेल तर नाही. पूर्वी प्लॅटफॉर्मवर माल विकणाऱ्याला उलाढाल कितीही कमी असली तरी नंबर सक्तीचा होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आतल्या विक्रेत्याला आपल्याच राज्यात प्लॅटफॉर्मवरून माल विकता येतो. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन वेगळा नावनोंदणी क्रमांक (हा जीएसटी नंबर नव्हे) घ्यायचा आणि तो प्लॅटफॉर्मला द्यायचा. विक्री एकाच राज्यातून करायची. कंपोझिशनवाल्यांनाही (उलाढालीवर ठरावीक कमी दरानं जीएसटी भरणाऱ्यांनाही) त्याच तारखेपासून राज्यात ही मुभा आहे.

चूक होते ती पुढे. पुण्याला पाठवता तसा बेळगावला, पणजीला माल पाठवला की ती परराज्यातली विक्री झाली. करपात्र माल परराज्यात विकणाऱ्याला उलाढाल कितीही असो, नंबर लागतोच. मग विक्री प्लॅटफॉर्मवरून असो की व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन कुरिअरनं. तुमच्या भागातलं गिऱ्हाईक कामधंद्यासाठी गोवा-कर्नाटकात बरंच विखुरलेलं असतं, म्हणून सहा महिन्यांच्या ऑर्डरी बघून निर्णय घ्या. परराज्यातली मागणी खरी असेल तर नंबर काढून टाका.

नंबर असलेल्यांच्या पैशातून प्लॅटफॉर्म जीएसटीचा ०.५ टक्के टीसीएस (विक्रीच्या पैशातून आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) कापतो (१० जुलै २०२४ पूर्वी तो १ टक्का होता). ही रक्कम तुमचीच आहे, पण पोर्टलवर जाऊन ती स्वीकारल्याशिवाय खात्यात दिसत नाही. अनेकांचे हे पैसे महिनोन्‌महिने तिथंच पडून असतात. आयकराची कपात वेगळी. ती १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का आहे. वैयक्तिक नावानं धंदा असेल, पॅन दिलेला असेल आणि वर्षाची ऑनलाइन विक्री ५ लाखांच्या आत असेल तर ती होत नाही.

पेढ्यासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना लागतो, त्याचा १४ अंकी क्रमांक लेबलवर हवा. पेढा किती दिवस टिकतो हे अंदाजानं छापू नका. तुमच्याच पाकिटात भरलेल्या पेढ्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या आणि पहिले काही महिने दोन दिवसांत पोचेल इतक्याच पिनकोडवर विक्री चालू ठेवा.

प्रश्न: प्लॅटफॉर्मवरचं गिऱ्हाईक आमचं कधी होतच नाही. फोन नंबर दिसत नाही, पार्सलमध्ये कार्ड टाकलं तर खातं बंद करतात. आमच्या चांगल्या चाललेल्या मालासारखाच माल उद्या प्लॅटफॉर्मच स्वतः विकायला आणेल, ही भीती आहे. यावर इलाज काय?
— मसाले उत्पादक, इस्लामपूर

उत्तर: भीती रास्त आहे. परदेशी गुंतवणूक असलेल्या प्लॅटफॉर्मनं स्वतःचा माल विकू नये आणि ज्या विक्रेता कंपनीत त्याचा हिस्सा आहे तिचाही विकू नये, असा नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून आहे. तरीही ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप मिळतं, या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानं जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला होता. त्या निकालांची वाट बघत धंदा थांबवता येत नाही.

जाहिरातीचं कार्ड टाकायला प्लॅटफॉर्म मनाई करतो, पण लेबलवर उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता आणि ग्राहक तक्रारीसाठी फोन व ईमेल छापणं वजनमापे कायद्यानं तुम्हाला बंधनकारकच आहे. तो नंबर बारीक अक्षरात कोपऱ्यात दडपू नका. ठळक, वाचता येईल असा छापा आणि त्याच नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस चालू ठेवा. पाकीट संपत आलं की गिऱ्हाईक ते हातात धरूनच पुन्हा मागवतं. शेजारी निव्वळ वजन, उत्पादनाचा किंवा पॅकिंगचा महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि किलोपेक्षा कमी वजन असेल तर दर ग्रॅमची किंमतही हवी. यातली बहुतेक माहिती लिस्टिंगवरही दिसावी लागते.

विक्री एकाच ठिकाणी अडकवू नका. मीशो विक्रेत्याकडून कमिशन घेत नाही, पण तिथलं गिऱ्हाईक भाव बघणारं, तेव्हा कमी किमतीचा माल तिथं. ओएनडीसी ही केंद्र सरकारच्या पुढाकारातली खुली व्यवस्था आहे. तिच्यात एका विक्रेता ॲपवर माल चढवला की वेगवेगळ्या खरेदी ॲपवर दिसतो. ऑर्डरी कमी येतील, पण नोंद असू द्या. निम्म्याहून जास्त विक्री एकाच कंपनीकडून येऊ लागली की सावध व्हा.

प्रश्न: मला देशभर विकायचं नाही. कराडातच किराणा आहे, मॉल आणि ॲपमुळे गिऱ्हाईक तुटतंय. मला ऑनलाइनचा काय उपयोग?
— किराणा दुकानदार, कराड

उत्तर: तुम्हालाच सगळ्यात जास्त आणि जवळजवळ बिनखर्चाचा. गुगलवर दुकानाची नोंद करा, बोर्डावर आहे तेच नाव द्या. पडताळणीसाठी बहुधा दुकानाचा व्हिडिओ मागतात, त्यात बोर्ड, रस्ता आणि आतली मांडणी एका सलग चित्रणात दिसली पाहिजे. सुट्टीचा वार आणि सणाच्या वेळा वेळच्या वेळी बदला. बंद दुकानापाशी आलेलं गिऱ्हाईक पुन्हा नकाशा बघत नाही.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात. सगळं चढवायला जाऊ नका. महिन्याच्या यादीत हमखास असणारे चाळीसेक जिन्नस, आणि मॉलमध्ये न मिळणारे तुमचे: सुटी ज्वारी, कोरेगावचा वाघ्या घेवडा, माणदेशी मटकी, घाण्याचं तेल. ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची असते आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच निरोप जातो, म्हणून गिऱ्हाइकाला दुकानातच नंबर जतन करायला सांगा. वेळ ठरवून टाका: अकरापर्यंतची यादी एकला पोच, पाचपर्यंतची सातला. दहा मिनिटांच्या शर्यतीत उतरायचं कारण नाही. सांगितलेली वेळ पाळली, सुमार डाळ बिनबोभाट बदलून दिली आणि महिन्याचं खातं चालू ठेवलं, तर ॲपला यातलं काही जमत नाही.

प्रश्न: सतारी बनवतो. परदेशातून विचारणा येते, पण वाद्य फुटून पोचतं आणि कुरिअरचं बिल ऐकून गिऱ्हाईक मागे फिरतं.
— तंतुवाद्य कारागीर, मिरज

उत्तर: मिरजेची सतार आणि तानपुरा या दोन्हींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे नावाला आता कायद्याचं बळ आहे. हातानं बनवलेल्या देशी वाद्यांवर जीएसटी शून्य आहे. निर्यातीसाठी आयात-निर्यात कोड काढावा लागतो.

कुरिअरचं बिल वजनाचं नसून आकाराचं आहे. १३० × ४० × ४० सेंटिमीटरची पेटी ५००० नं भागली की ४१.६ किलो होते. वाद्याचं खरं वजन त्याच्या थोड्याशा हिश्शाइतकंच असतं. म्हणून भाडं किमतीत लपवू नका. वाद्याची किंमत वेगळी, भाडं वेगळं आणि पेटीची मापं लिहून कळवा. गिऱ्हाईक भाड्याला घाबरतं त्याहून जास्त अचानक वाढलेल्या आकड्याला घाबरतं. पेटी इंच-इंच कमी करून बघा. ४० ऐवजी ३५ उंची साधली तर पाच किलो वाचतात.

फुटतो तो भोपळा, आणि फुटतो बहुधा तारांच्या ताणावर धक्का बसल्यानं. तारा काही स्वर उतरवून ठेवा, तरफांसकट (मुख्य तारांखालच्या बारीक तारांसकट). पूर्ण सैल केल्या तर घोडी (तारा टेकतात तो तुकडा) सुटून तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) आपटते. तसं करायचं असेल तर घोडी काढून कापडात गुंडाळून वेगळी द्या आणि तिची जागा तबलीवर कागदी पट्टीनं दाखवा. तारा आणि तबली यांच्यामध्ये मऊ कापडाची घडी ठेवा. भोपळ्याभोवती फोम असा बसवा की वाद्य पेटीत हलणार नाही आणि भोपळा कुठंही थेट टेकणार नाही. भार दांडीखालच्या दोन आधारांवर यावा. बंद करण्यापूर्वी पेटी उभी-आडवी हलवा. आत आवाज आला तर पुन्हा उघडा.

विक्रीसाठी मोठ्या बाजारापेक्षा व्हिडिओ उपयोगी. पाठवायचं तेच वाद्य, तेच स्वर लावून, सगळे पडदे वाजवून दाखवा. जवारी (घोडीवर तार घासून उमटणारा नाद) कशी हवी, उघडी की बंद, हे गिऱ्हाइकाला आधी विचारा. लाकूड आणि भोपळा कुठला, तेही सांगा. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली पाठवण्यापूर्वी.

प्रश्न: लष्करातला अधिकारी बोलतोय म्हणून मोठी ऑर्डर आली. ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ म्हणाला. खरं असेल का?
— भांड्यांचे विक्रेते, फलटण

उत्तर: नाही. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. भाव न विचारता मोठी ऑर्डर देणं आणि ‘आत्ताच करा’ अशी घाई, ही त्याची ओळख. नंबर ब्लॉक करा. पैसे गेलेच असतील तर त्याच तासाभरात १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत फिरते आणि गोठवणं अवघड होतं.